रस्ता ज्यांच्या ताब्यात, औषधाची जबाबदारी त्यांची

औषधाचा तुटवडा म्हणजे काय, हे पांढरकवड्याच्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. कोलामांच्या एखाद्या पोडावरून सर्पदंशाचा रुग्ण उपजिल्हा रुग्णालयात आणला जातो, तेव्हा सोबतच्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न ‘लस आहे का?’ हाच असतो. २०१७च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यातल्या शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. डोळ्यांची आग, उलट्या, दरदरून घाम, कोंडलेला श्वास अशा अवस्थेत माणसे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचत होती. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर ॲट्रोपिन हा उतारा आहे. काचेच्या लहानशा कुपीत मावणारे, स्वस्तातले औषध. ते वेळेवर मिळणे आणि न मिळणे यात काय फरक पडतो, ते त्या वर्षी जिल्ह्याने पाहिले.

तरीही इथल्या माणसाला एक मोठा आधार आहे, आणि तो इतका सवयीचा झाला आहे की त्याची जाणीवही होत नाही. दवाखान्यात औषध नसले तर ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी हातात पडते. ती चिठ्ठी अन्यायाची आहे, गरिबाचे कंबरडे मोडणारी आहे, पण ती घेऊन जायला जागा आहे. चौकातले मेडिकल आहे. यवतमाळला रेफर केले तर ॲम्ब्युलन्स निघते. ४४ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला नागपूर गाठता येते, दक्षिणेला पिंपळखुटीचा नाका आणि पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या रिम्समध्ये जाता येते. नाक्यावर फार तर ट्रकची कागदपत्रे तपासली जातात. आजाऱ्याच्या खिशातली इन्सुलिनची कुपी कुणी काढून घेत नाही.

जगातल्या काही प्रदेशांत आज नेमके हेच होते. तिथे रस्ता, नाका, बंदर, वीज, सगळे परक्या फौजेच्या हाती असते. औषध बाहेर भरपूर असते, ट्रकमध्ये चढवलेलेही असते, पैसे देणाराही असतो. पण आत जाण्याचा शिक्का मारायचा की नाही, हे बंदूकधारी ठरवतो. अशा ठिकाणी मधुमेही, डायलिसिसवरचा किंवा कर्करोगाचा रुग्ण मरतो तेव्हा त्याच्या मृत्यूची नोंद आजारात होते. त्याला युद्धाचा बळी म्हणून कुणी मोजत नाही. म्हणून या विषयावर स्पष्ट बोलायला हवे: लष्करी ताब्याखालच्या नागरिकांचे औषध अडवणे हे युद्धाच्या गोंधळात होणारे अपरिहार्य नुकसान नव्हे. तो घेतलेला निर्णय असतो. त्यावर कुणाची तरी सही असते.

कायदाही याबाबत संदिग्ध नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अनुभवातून होरपळून निघालेल्या जगाने १२ ऑगस्ट १९४९ रोजी चौथा जिनिव्हा करार केला. त्याचे ५५वे कलम सांगते की ताबा घेणाऱ्या सत्तेने, तिच्या हाती असलेल्या साधनांच्या पुरत्या मर्यादेपर्यंत, लोकांना अन्न आणि औषधे पुरवलीच पाहिजेत. प्रदेशात ती अपुरी असतील तर बाहेरून आणली पाहिजेत. ५६वे कलम रुग्णालये आणि सार्वजनिक आरोग्य चालू ठेवण्याचे आणि साथी रोखण्याचे कर्तव्य सांगते. ५९वे म्हणते की लोकांना पुरवठा कमी पडत असेल तर मदतीच्या योजनांना त्या सत्तेने संमती दिलीच पाहिजे. आणि ६०व्या कलमाने एक पळवाटही बुजवली आहे: बाहेरून मदत आली म्हणून ताबा घेणाऱ्याची स्वतःची जबाबदारी कमी होत नाही. भारताने हे करार १९५० साली मान्य केले आणि १९६० साली संसदेने त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे हा विषय आपल्या कायद्याच्या पुस्तकातही आहे.

या कलमांमागे साधे तर्कशास्त्र आहे. फौज जिंकलेल्या भागाचा रस्ता आपल्या हाती घेते, तेव्हा लोकांकडून स्वतःची सोय लावण्याची क्षमताच काढून घेते. ज्याने ती काढून घेतली, त्याने ती भरून द्यायची. ताब्याने अधिकार मिळतो ही समजूत जुनी आहे. १९४९च्या कराराने त्या अधिकाराच्या गळ्यात कर्तव्याचे लोढणे बांधले.

महाराष्ट्राचा या प्रश्नाशी असलेला संबंध पुस्तकी नाही. १९३८ साली जपानी फौजा चीन पादाक्रांत करत असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, त्यांनी आधी स्पेनच्या यादवीत काम केले होते. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीसांचे नाव व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटाने घराघरांत पोचवले. चोळकरांचे नाव मात्र विदर्भातही फार थोड्यांना आठवते, आणि ही खंत इथे नोंदवलीच पाहिजे. कोटणीस ज्या सोलापुरात वाढले, तिथे १९३० साली इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला होता. लष्करी हुकमतीखालचे शहर कसे असते, हे त्यांच्या गावाने त्यांच्या तरुणपणीच पाहिले होते.

कोटणीस अखेर उत्तर चीनमध्ये, शान्शी-चाहार-हेबेईच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात पोचले. या भागाची रचना समजून घेतली पाहिजे. शहरे आणि रेल्वे जपानी फौजेच्या ताब्यात, आणि त्यांच्या मधली खेडी व डोंगर चिनी गनिमी सैन्याच्या प्रभावाखाली. ही खेडी मोडून काढण्यासाठी जपान्यांनी रेल्वेच्या कडेने खंदक खणले, बुरूज उभारले, आणि एकेक भाग पिंजऱ्यात कोंडल्यासारखा कोंडला. मीठ, कापड आणि औषध आत जाऊ नये, हा त्या कोंडीचा एक प्रमुख हेतू होता. औषध बाळगणे हा पकडला जाण्याजोगा गुन्हा झाला. त्यात भर म्हणजे, पुढे चीनच्या राष्ट्रीय सरकारच्या फौजांनीही कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या प्रदेशाची नाकाबंदी केली. बाहेरून आलेली औषधे आधी परक्या शत्रूने अडवली, मग आपल्याच देशाच्या सरकारने.

कोटणीसांच्या आधी तिथे काम करणारे कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी गेले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळली आणि रक्तात विष भिनले. हातमोजे तुटपुंजे, जंतुनाशक औषधे तुटपुंजी. जगातल्या एका निष्णात सर्जनचा जीव अशा जखमेने गेला. त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१मध्ये कोटणीसांकडे आले. तुटपुंज्या साहित्यात शस्त्रक्रिया करायच्या, चिनी भाषेत विद्यार्थ्यांना शिकवायचे, आणि फौज जवळ आली की रुग्णांसह रुग्णालय उचलून दुसऱ्या खेड्यात न्यायचे, असे त्यांचे दिवस होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ३२. जेमतेम साडेतीन महिन्यांचा मुलगा मागे राहिला.

या कहाणीतले एक पात्र मराठी वाचकांपुढे फारसे आलेले नाही. न्यूझीलंडच्या कॅथलीन हॉल या मिशनरी परिचारिका हेबेईच्या एका खेड्यात दवाखाना चालवत. त्या परदेशी आणि चर्चच्या असल्याने जपानी चौक्यांवरून त्यांना ये-जा करता येई. बेथून यांनी त्यांना गाठून विनंती केली, आणि हॉलबाई जपानी ताब्यातल्या पेइपिंगहून, म्हणजे आजच्या बीजिंगहून, औषधे विकत घेऊन लपवून डोंगरात पोचवू लागल्या. शेवटी ते उघडकीला आले. जपानी सैन्याने मिशनचा दवाखाना जाळला आणि बाईंना तिथून घालवून दिले. औषध पोचवल्याची शिक्षा म्हणून दवाखाना जाळणे, हे ताबेदार सत्तेच्या मनोवृत्तीचे उघडे रूप आहे. त्या दवाखान्यात येणारे बहुतेक जण शेतकरी होते.

त्याच जपानी ताब्याखालच्या शांघायमध्ये आणखी एक गोष्ट घडली. एव्हा साक्सल आणि तिचा नवरा व्हिक्टर हे चेकोस्लोव्हाकियातून नाझींच्या भीतीने पळून शांघायला आलेले ज्यू जोडपे. एव्हाला मधुमेह झाला, आणि तोही इन्सुलिनशिवाय न जगू देणारा. डिसेंबर १९४१नंतर जपानी फौजेने शहर पूर्ण ताब्यात घेतले, औषधांची दुकाने बंद पडली, इन्सुलिन काळ्या बाजारात सोन्याच्या मोलाने जाऊ लागले. तेव्हा या नवरा-बायकोने वैद्यकाच्या एका पुस्तकातली कृती वाचून, एका चिनी रसायनशास्त्रज्ञाने मिळवून दिलेल्या प्रयोगशाळेत, म्हशींच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन बनवले. आधी सशांवर तपासले. मग एव्हाने स्वतःला टोचले. ते तपकिरी रंगाचे औषध वस्तीतल्या दोनशेहून अधिक मधुमेहींना मिळाले आणि ते जगले. टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागून तेव्हा वीस वर्षे झाली होती. शोधकर्त्यांनी त्याचे पेटंट नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकले होते, ते हे औषध कुणाच्या मुठीत राहू नये म्हणून.

या दोन्ही गोष्टी धैर्याच्या म्हणून सांगितल्या जातात, आणि ते खरेच आहे. पण वर्तमानपत्र वाचणाऱ्याने त्यांच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावे. ज्या मधुमेहींना साक्सल दांपत्य भेटले नाही, त्यांचे काय झाले? ज्या खेड्यांपर्यंत हॉलबाईंची पिशवी पोचली नाही, तिथल्या बाळंतिणींचे काय? त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत. धाडसी माणसांच्या भरवशावर लाखोंच्या औषधाची सोय होऊ शकत नाही, हे ओळखूनच १९४९ साली कर्तव्य कायद्यात लिहिले गेले.

आज काय चालले आहे? युक्रेनच्या रशियाव्याप्त भागात औषध अडवण्याची पद्धत कागदी आहे. एप्रिल २०२३मध्ये रशियाच्या अध्यक्षांनी हुकूम काढला, की तिथल्या ज्या रहिवाशांनी रशियन पासपोर्ट घेतला नाही, ते १ जुलै २०२४पासून परदेशी समजले जातील. रशियन आरोग्यविमा त्या पासपोर्टाला जोडलेला. परिणामी पासपोर्ट नसलेल्यांना दवाखान्यातून परत पाठवल्याच्या, इन्सुलिन नाकारल्याच्या हकिकती मानवाधिकार संघटनांनी आणि पत्रकारांनी वारंवार नोंदवल्या आहेत. आपले नागरिकत्व सोड, तरच तुझी साखर आटोक्यात राहील, असा हा सौदा आहे. व्याप्त प्रदेशातल्या लोकांना ताबा घेणाऱ्या सत्तेशी निष्ठेची शपथ घ्यायला लावता येत नाही, हे तर १९०७च्या हेग नियमांतही लिहिलेले आहे. मधुमेही म्हातारीला तिच्या औषधाच्या बदल्यात देश बदलायला लावणे, याला राज्यकारभार म्हणता येणार नाही.

गाझाबद्दल सगळे जण बोलतात, पण तिथली औषधाची अडवणूक ७ ऑक्टोबर २०२३नंतर सुरू झाली असे नव्हे. फेब्रुवारी २०२१मध्ये करोनाकाळात गाझातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पाठवलेले स्पुटनिक लशीचे मोजके डोस इस्रायलने नाक्यावर दोन दिवस रोखले होते. लस सोडण्याच्या बदल्यात हमासकडे असलेल्या इस्रायलींचा प्रश्न लावून धरावा का, अशी चर्चा इस्रायलच्या संसदेत तेव्हा झाली. लस शेवटी आत गेली. पण आजार आणि राजकीय देवघेव एकाच तराजूत घालण्याची सवय तेव्हाच दिसली होती.

हमासने ७ ऑक्टोबरला इस्रायलमध्ये शिरून सुमारे बाराशे माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. तो गुन्हा होता, आणि त्याला काही सबब नाही. त्यानंतर इस्रायलच्या संरक्षणमंत्र्यांनी गाझाला वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही, असे जाहीर केले. इंधन नसले की जनरेटर बंद, जनरेटर बंद की डायलिसिसचे यंत्र आणि नवजात बाळांची पेटी बंद. गाझातले कर्करोगाचे एकमेव स्वतंत्र रुग्णालय, तुर्की-पॅलेस्टिनी मैत्री रुग्णालय, नोव्हेंबर २०२३च्या सुरुवातीला इंधनाअभावी बंद पडले. मार्च २०२५मध्ये इस्रायली सैन्याने ती इमारत उडवून दिली. २ मार्च २०२५पासून सुमारे अकरा आठवडे गाझात कोणताही माल जाऊ दिला नाही, औषधेसुद्धा नाही. ऑगस्ट २०२४मध्ये पंचवीस वर्षांनी पोलिओ परतला आणि दहा महिन्यांच्या एका बाळाचा पाय लुळा पडला. त्यावर युद्ध थोडे थोडे थांबवून साडेपाच लाखांहून अधिक मुलांना लस पाजली गेली. ही मोहीम झाली, यातूनच सिद्ध होते की ठरवले तर औषध आत जाते.

जानेवारी २०२४मधला एक प्रसंग या सगळ्याचे सार सांगतो. कतार आणि फ्रान्सच्या मध्यस्थीने सौदा झाला: गाझात डांबलेल्या आजारी ओलिसांना औषधे पोचवायची आणि त्या बदल्यात गाझाच्या नागरिकांसाठी औषधे आत सोडायची. ओलिसांत वृद्ध होते, हृदयरोगी होते. त्यांना औषधाविना ठेवणे हा हमासचा गुन्हा. लाखो नागरिकांचे औषध त्या सौद्याच्या दुसऱ्या पारड्यात टाकावे लागणे, हा ताबा घेणाऱ्या सत्तेचा. दोन्हीकडच्या रुग्णांचा हक्क बिनशर्त होता. त्याचा सौदा व्हायलाच नको होता.

इस्रायलचे म्हणणे असे, की २००५ साली सैन्य बाहेर काढल्यापासून गाझा व्याप्त प्रदेश नाहीच. १९ जुलै २०२४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मतात ते मान्य केले नाही: सीमा, समुद्र, आकाश यांवरचे नियंत्रण जितके, तितकी जबाबदारीही उरते, असे न्यायालयाने सांगितले. २२ ऑक्टोबर २०२५च्या दुसऱ्या मतात तर लोकांना दैनंदिन जगण्याच्या आवश्यक वस्तू मिळतील याची खात्री करणे आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीला वाट देणे हे इस्रायलचे कर्तव्य असल्याचे नेमके नमूद केले.

दुसरा युक्तिवाद सुरक्षेचा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ऑक्सिजनचे सिलिंडर, क्लोरीन, भूल देण्याची यंत्रे, सौरपॅनेल यांचा दुहेरी वापर होऊ शकतो, औषधे लढवय्ये पळवू शकतात, असे प्रत्येक लष्कर सांगते. कधी कधी ते खरेही असते. पण कायद्याने ही शंका आधीच गृहीत धरली आहे. तपासणी करा, मोजदाद करा, सील लावा, तटस्थ संस्थेच्या देखरेखीखाली वाटप करा, हे सगळे जिनिव्हा करारात बसते. बसत नाही ते इतकेच, की तपासणीच्या नावाखाली ट्रक महिनोन्‌महिने उन्हात उभा ठेवायचा आणि आतले इन्सुलिन नासू द्यायचे. भूल न देता लहान मुलाचा पाय कापावा लागला, तर त्यातून कुणाची सुरक्षा वाढली, हे त्या नाक्यावरच्या अधिकाऱ्याने सांगावे.

आता एक अवघड गोष्ट, आणि ती इथूनच सांगायला हवी, कारण ती पांढरकवड्याच्या अगदी शेजारची आहे. १९४८ साली पैनगंगेच्या पलीकडे निजामाचे राज्य होते. आदिलाबाद, किनवट, राजुरा हे सगळे तिकडे. रझाकारांच्या जुलमाला कंटाळून लोक नदी ओलांडून वऱ्हाडात येत होते. या पट्ट्यातल्या जुन्या घरांत त्या आठवणी अजून आहेत. नोव्हेंबर १९४७च्या ‘जैसे थे’ करारानंतर दिल्ली आणि हैदराबाद यांचे संबंध बिघडत गेले, आणि भारताने आपली आर्थिक नाकाबंदी केली आहे, तीत औषधेही अडतात, अशी तक्रार निजामाच्या सरकारने केली. दिल्लीने नाकाबंदीचा आरोप नाकारला. ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली, आणि १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत गेले. तोवर ते प्रदेश भारताच्या लष्करी ताब्यात नव्हते, म्हणून या लेखाच्या विषयात ते काटेकोरपणे बसत नाही. निजामाच्या राजवटीचे समर्थन तर कुणी शहाणा मराठी माणूस करणार नाही.

पण प्रश्न उरतोच. समजा त्या तक्रारीत थोडेही तथ्य असेल, समजा नदीकाठच्या कुठल्या तरी नाक्यावर क्विनाईनची एक पेटी अडली असेल, तर तिच्याविना तापाने फणफणणारे कोण होते? रझाकार नव्हेत, निजाम नव्हे. आदिलाबादच्या जंगलातले गोंड आणि कोलाम, किनवटचे मराठी शेतकरी, ज्यांना मुक्त करायचे होते तेच. आपला पक्ष न्याय्य असतानाही औषध अडवणे न्याय्य ठरत नाही, हे ज्याला आपल्या देशाबद्दल म्हणता येत नाही, त्याने ते रशिया किंवा इस्रायलला सांगू नये.

सुदैवाने, भारताचा इतिहास यात अभिमान वाटण्यासारखाही आहे. १९५०मध्ये कोरियात युद्ध पेटले, तेव्हा भारताने लढायला तुकड्या पाठवल्या नाहीत. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली ६०वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स पाठवली. सैनिकांबरोबर नागरिकांवरही या डॉक्टरांनी उपचार केले. कोटणीसांच्या पथकाचीच ती परंपरा होती, फक्त आता ती स्वतंत्र देशाच्या नावाने चालली होती. अलीकडेही ऑक्टोबर २०२३मध्ये हवाई दलाच्या विमानाने साडेसहा टन वैद्यकीय मदत इजिप्तच्या एल-अरिशला पोचवली, आणि एका वर्षानंतर कर्करोगाच्या औषधांसह ३० टन सामग्री पॅलेस्टिनी लोकांसाठी निघाली. युक्रेनलाही मार्च २०२२पासून औषधे गेली.

मात्र औषध पाठवायचे आणि ते अडवणाऱ्याचे नाव घ्यायचे नाही, असे धोरण दिल्लीने पत्करले आहे. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मानवतावादी युद्धविरामाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. हमासच्या हल्ल्याचा निषेध त्यात नव्हता, हे कारण दिले गेले, आणि त्या आक्षेपात तथ्य होते. १२ डिसेंबरला भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. मग १२ जून २०२५ला, अकरा आठवड्यांच्या संपूर्ण बंदीनंतर अवघ्या काही आठवड्यांनी, १४९ देश बाजूने असताना भारत पुन्हा तटस्थ. शस्त्रे, तेल, व्यापार यांची गणिते असतात, हे वाचकाला कळते. पण औषधाच्या प्रश्नावर तटस्थ राहण्याने तो प्रश्नही त्या गणितात ढकलला जातो.

जगातल्या गरीब देशांची जेनेरिक औषधे मोठ्या प्रमाणावर भारतात बनतात. म्हणून भारताच्या शब्दाला इथे वजन आहे, इतर कित्येक विषयांपेक्षा जास्त. दिल्लीला करता येण्याजोग्या गोष्टी ठोस आहेत. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पूरक प्रोटोकॉलांवर भारताने अजून सही केलेली नाही. त्यांपैकी पहिल्यात व्याप्त प्रदेशातल्या लोकांच्या गरजांची यादी अधिक विस्ताराने आहे. दहशतवादाच्या संदर्भातल्या आपल्या हरकती कायम ठेवूनही निदान औषध आणि मदतीच्या कलमांना पाठिंबा जाहीर करता येईल. आणि भारतातून निघालेली प्रत्येक पेटी शेवटच्या दवाखान्यापर्यंत पोचली का, याचा पाठपुरावा करता येईल.

पांढरकवडा आर्णी विधानसभा मतदारसंघात आणि चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात येतो. संसदेच्या प्रश्नोत्तराच्या तासात इथल्या खासदारांनी परराष्ट्र मंत्रालयाला विचारावे: भारताने व्याप्त आणि कोंडलेल्या प्रदेशांसाठी पाठवलेल्या औषधांपैकी किती टन आत पोचली, किती नाक्यावर अडली, कुणी अडवली, आणि त्याविरुद्ध भारताने कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांत लेखी निषेध नोंदवला?